पहिलीच्या नव्या बाईंना, आईकडून

सोलापूर
रविवार, उपासनेनंतर

प्रिय मनू,
प्रेमाचा सलाम.

तुझं वेळापत्रक मिळालं. पप्पांनी मोठ्या अक्षरात छापून आणलं म्हणून नीट वाचता आलं. दिवाळीनंतर तुमच्या मिरजेच्या शाळेची कौलं उतरवणार, दोन महिने पहिली-दुसरीची पोरं घरी राहणार आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे तुझ्या गळ्यात पडलं. मिशनच्या जुन्या इमारतींचं असंच असतं बघ. गळतात पावसाळ्यात, आणि वर्गणी जमेपर्यंत हिवाळा येतो.

वेळापत्रक सुबक केलंयस. साडेदहाला प्रार्थनेचा व्हिडिओ, अकराला भाषा, बाराला गणित, संध्याकाळी वह्यांचे फोटो. पण कुठलं पोर कुठे बसून हे बघणार, कुणाच्या फोनवर, त्या वेळी घरात कोण असणार, यातलं एक अक्षर त्यात नाही. कोरोनात आमच्या शाळेत आम्ही काय केलं असं विचारलंस. तू तेव्हा आतल्या खोलीत बारावीचा अभ्यास करत होतीस (जी परीक्षा शेवटी झालीच नाही), त्यामुळे बाहेरच्या खोलीतलं तुला अर्धंच ऐकू आलं असेल. म्हणून सविस्तर लिहिते.

सोलापुरात पहिला रुग्ण सापडला तो 12 एप्रिल 2020ला, म्हणजे ईस्टरच्याच रविवारी. आपल्या देवळाला, म्हणजे चर्चला, कुलूप, शाळा त्याआधी महिनाभर बंद. जूनमध्ये वर्ष सुरू झालं ते फोनवर. आम्हीही तुझ्यासारखंच केलं, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात धडे टाकायला लागलो. टाळेबंदीत घरातला एकुलता एक फोन घरीच असायचा. मग कामं सुरू झाली तसा तो बापाच्या खिशात यंत्रमागावर जायला लागला. सकाळी अकराला टाकलेला धडा पोराच्या हातात पडायचा रात्री नऊला, तेव्हा पोर झोपेला आलेलं. आणि दुपारी पत्र्याखाली बसून कोण काय शिकणार? एप्रिल-मे तर विचारूच नको, आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर असतो.

मग दुसरीच्या बाईंनी एक जाड वही काढली. प्रत्येक पोराला एक पान. फोन कुणाचा आणि तो घरी किती वाजता येतो, घरात मराठी वाचणारं कोण, घरात कुठली भाषा बोलतात, कुठल्या गल्लीत वर्गातलं दुसरं कुठलं पोर राहतं. सगळ्यात उपयोगी पडलं ते हे शेवटचं. साखर पेठेतल्या एका मुलीकडे फोनच नव्हता, पण दोन घरं सोडून तिच्याच वर्गातला एक मुलगा राहायचा. त्याची आई मुलीला हाक मारून उंबऱ्यावर बसवायची आणि आमचा निरोप दोघांना ऐकवायची. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, त्या बाईनं आपणहून केलं. पण ते शेजारी आहेत हे वहीत आलं नसतं, तर आम्ही तिला विचारलंच नसतं.

तेव्हा मनू, आधी ही वही कर. व्हिडिओचं मग बघू.

आपल्या शाळेत ख्रिस्ती मुलं थोडी, हे तुला माहीत आहे. पद्मशाली, मुसलमान, लिंगायत, बौद्ध, सगळ्यांची पोरं. निम्म्या घरांत तेलुगू किंवा कन्नड. कितीतरी आया घरी विड्या वळणाऱ्या. त्यांना लिहिलेला निरोप पाठवून काय उपयोग? आम्ही बोलून पाठवायला लागलो. एक-दोन मिनिटांचा निरोप, त्यात आधी पोरांची नावं. नावं घेणं मी कधीच टाळलं नाही. आपलं नाव येईपर्यंत पोरगं जागचं हलायचं नाही, आणि नाव आलं की आजीला ओढून आणून परत ऐकवायचं. त्या बदल्यात त्यांनी एक वाक्य बोलून पाठवायचं, काहीही. आज काय खाल्लं, मांजरीला पिल्लं किती. ती माझी हजेरी.

या निरोपांतून जे कळलं ते कुठल्याही फॉर्ममधून कळलं नसतं. पोरांच्या आवाजामागे यंत्रमागाची खटखट ऐकू आली की समजायचं, या घरचं काम सुरू झालं. जुलैत शहर पुन्हा दहा दिवस कडक बंद झालं, तेव्हा ती खटखट गायब झाली. मुख्याध्यापक बाई निरोप ऐकून वहीत खूण करायच्या आणि चर्चच्या पाळकसाहेबांना सांगायच्या, या चार घरांत बघा. चर्चच्या मंडळीतून धान्य जमलं होतं. ते घर बघून गेलं, धर्म बघून नाही. देताना फोटो काढायचा नाही, असं पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. एका उत्साही तरुणानं काढला तो तिथल्या तिथे पुसायला लावला. तुमच्याकडेही कुणीतरी असा निघेल, आधीच सांगून ठेव.

आपली शाळा अनुदानित, त्यामुळे पोषण आहाराचा कोरडा शिधा पालकांना द्यायचा होता. पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, या हिशेबानं. हा वाटपाचा दिवस म्हणजे आमचा खरा पालकमेळावा. आया अंतर ठेवून रांगेत, हातात पिशव्या. आम्ही त्याच पिशवीत हातानं लिहिलेला स्वाध्यायाचा कागद घालायचो आणि मागच्या महिन्याचा परत घ्यायचो. प्रत्येकीशी दोन मिनिटं बोलणं. कुठली पोरगी विडीची पानं कातरायला बसवली आहे, कुणाचं गावाकडे स्थलांतर झालं, कोण खोकतंय, सगळं त्या फाटकात कळायचं. तुमच्या दोन महिन्यांत शिधा शाळेतच शिजेल की घरी देतील मला ठाऊक नाही. पण आईला फाटकापर्यंत यावं लागेल असं एखादं निमित्त ठेव.

दुसऱ्यांकडून उचलायलाही लाजायचं नाही. नीलमनगरात एका शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले होते, तुला आठवत असेल, पेपरात फोटो आले होते. पोरं जाता-येता वाचायची. आमच्याकडे तेवढा रंग नव्हता, आम्ही शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर बाराखडी आणि पाढे काढले, आणि भाजी आणायला निघालेल्या आया पोरांना तिथे थांबवायच्या. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून धडे लागायचे, ते ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना चालले. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक मला आहेच, असे कोड वापरात आणणाऱ्या, आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना त्याच 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटली. पण कोड वाचणारा फोन घरात हवा, आणि तो घरात कधी येतो हे पुन्हा तुझ्या वहीतच सापडणार.

घंटेचंही सांगते. पाळकसाहेबांची कल्पना होती की रोज साडेदहाला देवळाची घंटा वाजवायची, म्हणजे मुलांना शाळा भरल्यासारखं वाटेल. मला त्यात देखावा वाटला, अजूनही वाटतो. आवाज जेमतेम दोन गल्ल्या जायचा आणि विडी घरकुल वसाहतीतल्या पोराला तो कसा ऐकू येणार? दोन आठवड्यांत ते आपोआप थांबलं. तुमच्याकडेही काही गोष्टी अशा थांबतील. थांबू दे.

नाताळचं मात्र जमलं. नोव्हेंबरात पाडव्याला देवळं उघडली होती, पण मुलांना एकत्र आणायची सोय नव्हती. दरवर्षीची नाटिका सोडायची का? मग ठरलं की येशूजन्माची गोष्ट एकेका वाक्यात तोडायची आणि प्रत्येक पोराला एक वाक्य. शिपाईमामांच्या मुलानं सगळे आवाज त्याच्या फोनवर जोडले. मेंढपाळाच्या वाक्यामागे खरी शेळी ओरडली. हेरोद राजा बोलत असताना कुकरची शिट्टी झाली. देवदूतांच्या गाण्यामागे मागाची खटखट, आणि ती आम्ही मुद्दाम ठेवली. एका मुलीचं वाक्य काही केल्या येईना, म्हणून मीच मास्क लावून तिच्या दारात गेले. पोरगी लाजून आत पळाली. तिच्या अव्वानं, म्हणजे आजीनं, विचारलं काय म्हणायचं होतं, आणि तेलुगूतूनच म्हणून टाकलं, "भिऊ नका." तेच घेतलं. पुढे कितीतरी दिवस वर्गातली मराठी पोरंसुद्धा एकमेकांना तेलुगूत तेवढंच म्हणायची. धड्यांपैकी त्यांना काय आठवतंय देव जाणे, ही गोष्ट आठवते. परवा एक बाजारात भेटला, आता मिसरूड फुटलंय, त्यानं आधी शेळीचीच आठवण काढली.

2021चा एप्रिल-मे मी लांबवत नाही. वर्गातल्या दोन मुलांचे वडील गेले. एवढंच सांगते की अशी बातमी आम्ही ग्रुपवर टाकू दिली नाही. हात जोडलेल्या चित्रांची रांग त्या पोराला बघायला लागू नये. दोघी-दोघींनी जाऊन दाराबाहेर उभं राहायचं, आणि वर्गातल्या पोरांनी त्याच्यासाठी काढलेली चित्रं कागदावरच द्यायची, असं ठरलं होतं. तेव्हा ज्या घरी गेलो, त्या घरचं पोर पुढे शाळेतून गळालं नाही.

त्या डिसेंबरात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्यात परवानगी मिळाली. दुसरीची पोरं आली ती वर्ग म्हणजे काय हे पहिल्यांदाच बघत होती. मास्कमुळे त्यांना आमची तोंडं दिसेनात. मी हजेरी घ्यायला लागले आणि एकजण ओरडला, "ह्या फोनमधल्या बाई!" अभ्यासात ती मागेच होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जोडाक्षरं वाचता येईनात, पेन्सिल मुठीत धरायची. ते भरून काढायला दोन वर्षं लागली. पण बसायला कुणाला भीती वाटली नाही.

तेव्हा तुझ्या वेळापत्रकात माझ्या मते इतकं बदल. तीन व्हिडिओंऐवजी दिवसाला एक बोललेला निरोप, नावांसकट, आणि फोन घरी येतो त्या वेळेला. पहिली-दुसरीला अर्ध्या तासाच्या दोन सत्रांहून जास्त ऑनलाइन शिकवू नये, असा शासनाचाच नियम 2020च्या जुलैत आला होता, तो मुख्याध्यापकांना दाखव, म्हणजे त्यांच्याशी वाद घालावा लागणार नाही. वह्यांचे फोटो मागू नकोस. आया रात्री दमून त्या फोटोंसाठी पोरांना मारतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वह्या फाटकात गोळा कर आणि शेरा लाल पेनानं लिहू नकोस. पाळकांना रविवारच्या उपासनेत दोन मिनिटं शाळेसाठी मागून घे. मंडळीतले निवृत्त शिक्षक शोध, मिरजेत ते भरपूर असतील. एकेकाला पाच-सहा घरं दे. त्यांना काम हवंच असतं, फक्त कुणी विचारत नाही.

आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पोराच्या घरी एकदा जाऊन ये. दिवेलागणीला जा, तेव्हा सगळे भेटतात. चहा देतील, तो घे. गोड जास्त असला तरी घे.

वहीचं पहिलं पान भरलं की मला फोटो पाठव. शेजारच्या मुलांचा रकाना तू नक्की विसरणार, म्हणून आत्ताच आखून ठेव. पप्पा गुरुवारी मिरजेला येतायत, त्यांच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या पाठवते. घरमालकीणबाईंनाही दे, मागच्या वेळची तू एकटीनं संपवलीस असं त्यांच्याकडूनच कळलं.

तुझी,
आई