पाडव्याला गाडी येते आहे

चेंबूर, मुंबई

ती. आई-बाबांना सा. न.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने मध्येच "थांब, बाबांना देते" म्हणून फोन दिला असता, बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

मी स्कूटर घेतली आहे. म्हणजे पैसे भरले आहेत, गाडी पाडव्याला मिळेल. टीव्हीएसची एनटॉर्क १५०, पेट्रोलवरची. आई, तुला लगेच घाटात गाडीवरून पडलेले आप्पा आठवले असतील. मलाही आठवले, पैसे भरायच्या आधी कितीतरी रात्री आठवत राहिले. म्हणूनच काय काय पाहून ही गाडी ठरवली ते तुम्हाला सविस्तर सांगायचं आहे.

आधी पैशांचं. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही, दादाला विचारा हवं तर. निम्मे पैसे माझ्या बोनसचे आहेत, बाकीचा हप्ता पगारात सहज बसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून गाड्या स्वस्त झाल्या. मी त्याचीच वाट पाहत थांबले होते. पैशांच्या बाबतीत मी तुमचीच मुलगी आहे, काळजी करू नका.

लोकल आहे की, मग गाडी कशाला, असं बाबा विचारतील. बाबा, सकाळच्या पाळीला मला पावणेसातला लॅबमध्ये असावं लागतं. चेंबूरहून हार्बरने कुर्ला, तिथे पूल ओलांडून स्लो गाडी, मग मुलुंडला उतरून रिक्षाची रांग. रविवारी ड्युटी असली आणि त्याच दिवशी मेगाब्लॉक असला की सगळं गणित बिघडतं. दुसऱ्या पाळीनंतर घरी पोचून कुकर लावेपर्यंत तुम्ही झोपलेले असता. म्हणून तर माझा फोन नेहमी घाईघाईत येतो, "जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते." गाडीने अमर महालपासून पूर्व द्रुतगती महामार्ग धरला की घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप असा सरळ रस्ता मुलुंडपर्यंत आहे. वाचलेल्या वेळात मी स्वतःच्या हातचं गरम जेवेन आणि तुमच्याशी निवांत बोलेन.

विजेची गाडी का नाही, तर आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही, आणि बॅटरी काढून घरात नेता येईल अशी गाडी घेतली तरी लिफ्ट नसताना रोज तिसऱ्या मजल्यावर ती चढवायची कशी? पुढे सोय झाली की पाहू.

आता या गाडीचं. आईला वाटेल, १५० म्हणजे पोरांची पळवायची गाडी, बायकांनी घ्यावी अशी साधी ११० किंवा १२५ का नाही घेतली? आई, मी मोठं इंजिन घेतलं ते ब्रेकसाठी. एप्रिल २०१९ पासून नियम असा आहे की १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस लावावंच लागतं, आणि १२५ पर्यंतच्या गाडीला सीबीएस असलं तरी चालतं. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण अचानक जोरात दाबला तर चाक अडकून घसरू शकतं. एबीएस चाक अडकूच देत नाही. ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, असं सेकंदात कितीतरी वेळा करतं, त्यामुळे गाडी थांबत असतानाही हँडल आपल्या ताब्यात राहतं. या गाडीला ते पुढच्या चाकाला आहे, आणि खरा जोर पुढच्याच ब्रेकचा असतो. परशुराम घाटात त्या दिवशी आप्पांचं काय झालं ते बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेव्हा बाबांना मी काय म्हणते ते कळेल.

शिवाय मागचं चाक ओल्या रस्त्यावर जागीच फिरायला लागलं तर इंजिनचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणाही आहे. दोन्ही चाकं १२ इंची आहेत. तुमच्या चेतकची १० इंची आहेत ना, खड्ड्यात कशी आपटतात ते मी मागच्या सीटवर बसून सोसलं आहे. इंजिनात दम असला की महामार्गावर डंपर मागे आला तर बाजूला व्हायला वेळ लागत नाही. छोटी गाडी पुलाच्या चढावर रखडते, आणि मागून हॉर्न वाजायला लागले की माणूस गडबडतं. स्ट्रीट आणि रेस असे दोन मोड आहेत. मी स्ट्रीटवरच चालवेन, हा शब्द देते.

यामाहाची एरॉक्स १५५ पण चालवून पाहिली. १४ इंची चाकं, फार स्थिर गाडी, पण पायांच्या मध्ये उंचवटा आहे, भाजीची पिशवी ठेवायला जागा नाही, आणि माझी उंची तुम्हाला माहीत आहे. त्यांचीच रेझेडआर ९९ किलोची, हातात अगदी हलकी. नुसती चेंबूरच्या गल्ल्यांतून फिरायचं असतं तर तीच घेतली असती.

आणि आई, मला ही गाडी आवडली आहे. तिचा रंग, तिचा आवाज, बसल्यावर पाठ सरळ होते ते सगळं आवडलं. स्वतःच्या कमाईतून, स्वतः निवडून घेतलेली ही माझी पहिलीच मोठी वस्तू. हेही कारण आहेच, ते तुमच्यापासून का लपवू?

काळजीने तुम्ही काय काय विचाराल ते मला पाठ आहे, म्हणून आधीच सांगते. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, जे.जे.चा पूल, टीव्हीवर दिसणाऱ्या या सगळ्या वेगाच्या रस्त्यांवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे मी तिथे दिसणारच नाही. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं घेतलं आहे. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, म्हणून दुसरंही घेतलं. विमा पाच वर्षांचा थर्ड पार्टी आहेच, वर गाडीच्या नुकसानीचा आणि माझ्या स्वतःच्या अपघाताचा १५ लाखांचाही आहे. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल वर येतं तेव्हा गाडी घरीच राहील. पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना घसरतात हे बाबांनीच शिकवलं आहे. आणि मुसळधार पावसात मी सरळ हॉस्टेलवर मैत्रिणीकडे राहते, ते तर गाडी नसतानाही करतेच. चिपळूणला येताना मांडवी एक्सप्रेस नाहीतर एसटी. गाडीवरून यायचं मनातसुद्धा आणणार नाही.

बाबा, शोरूममध्ये पहिल्यांदा बटण दाबून गाडी चालू केली तेव्हा मला तुम्ही चेतक तिरकी करून किक मारायचात ते दिसलं. कुंभार्लीच्या चढावर पावसात ती बंद पडली होती, तुम्ही प्लग काढून पॉलिश पेपरने घासत होतात आणि मला छत्री धरायला सांगितली होती, तुमच्यावर नाही, प्लगवर. मी हात अजिबात हलवला नव्हता. आई बाजूला उभी राहून पदराने माझं डोकं पुसत होती. आणि २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर सगळे म्हणत होते भंगारात द्या, तेव्हा तुम्ही ओटीवर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटरचा एकेक भाग धुऊन मांडला होतात. मैदानात माझ्याकडून आठचा आकडा काढून घेतलात तो त्याच गाडीवर. आजही वळताना कोपर कसं ठेवायचं ते तुमच्याच आवाजात ऐकू येतं.

म्हणून आता मी सांगते ते तुम्ही ऐकायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आंबा उतरला की" म्हणून पुढे ढकलायचं नाही. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले, आता कच्चा असतानाच काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. पिकून कडक झाला तर डॉक्टरांनाच अवघड जातं. आंबा दादा येऊन उतरवेल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. ऑपरेशन होईपर्यंत दिवेलागणीनंतर चेतक बाहेर काढायची नाही. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फुटतो असं तुम्हीच मागच्या खेपेला बोलता बोलता म्हणालात. आईने ते ऐकलं नव्हतं, आता वाचेल. रागावू नका बाबा. गाडी विका असं मी कधीच म्हणणार नाही. सकाळी बाजारात जा, चिंचनाक्यावर चहा घ्या, पण हेल्मेट घालून. ते खुंटीला टांगून ठेवायला आणलं नव्हतं. बीपीची गोळी सकाळच्या चहाबरोबर, आठवण आली की नव्हे.

आई, तू जिना उतरून पाण्याची मोटार लावायला जाऊ नकोस, वरती बटण बसवायला वायरमनला सांगितलं आहे. तो शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नकोस. न्हाणीत स्टूल ठेव. मेतकूट संपलं आहे, पण त्यासाठी जात्यावर बसायचं नाही, गिरणीतून आण. तू मुंबईला आलीस की टॅक्सीनेच नेईन, गुडघा बरा झाल्यावर मात्र एकदा चेंबूरच्या बागेपर्यंत तुला मागे बसवणार आहे. ते दुसरं हेल्मेट तुझ्याच मापाचं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि गुरुवारपर्यंत कळवा, मला रजेचा अर्ज द्यायचा आहे.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, गाडी ताब्यात घेताना काय काय तपासून घ्यायचं ते सवडीने कागदावर लिहा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. टायरवरची तारीख, बॅटरी आणि चॅसी नंबर हे मी यादीत घेतलंय. तुम्हाला आणखी सुचेल.