जिप्सीच्या इनटेक मेनिफोल्डच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फॅब्रिकेशन विभाग, भोसरी

विषय: लीक टेस्टचे पैसे घेऊनही हवा आणि पाणी दोन्ही गळणारा मेनिफोल्ड दिल्याबाबत

महोदय,

माझ्याकडे १९९८ची मारुती जिप्सी किंग आहे. १२९८ सीसीचं इंजिन, मूळचा एकच कार्बोरेटर. गाडी आता रस्त्यावर फिरत नाही. शेतावर असते आणि पावसाळ्यात ऑफरोड स्पर्धेला टेम्पोवर चढवून नेतो. तिला जुन्या सुझुकी बाइकचे चार मिकुनी कार्बोरेटर बसवायचे म्हणून ॲल्युमिनियमचा मेनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा जोड, बनवण्याचं काम मी आपल्याला दिलं. कार्ब कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून शोधून आणले होते. वेबर कार्बोरेटरची जोडी मागवायची तर खिसा फाटतो. हे चार मिळून तिच्या पाव किमतीत आले आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब मिळाला. आपल्या काउंटरवरचे साहेब तेव्हा हसले होते. हरकत नाही, घरीही हसतात.

काम देताना मी हातचं काही राखलं नव्हतं. जुना मेनिफोल्ड नमुन्याला दिला, इंजिनच्या हेडवरच्या पोर्टचा (हवा आत जायच्या भोकांचा) छाप पुठ्ठ्यावर काढून दिला, चारही कार्ब दिले. बाइकच्या इंजिनात कॅमची चेन मधोमध असल्यामुळे दोन आणि तीन नंबरच्या कार्बमधलं अंतर बाजूच्या अंतरांपेक्षा जास्त आहे, गाडीच्या पोर्टशी ते जुळत नाही, म्हणून रनर (मेनिफोल्डच्या नळ्या) वाकवून घ्यावे लागतील, हे ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहिलं होतं. हेडला टेकणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, १२ मिलिमीटरची. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आर्गॉन मारताना फ्लँज जाड प्लेटवर बोल्टने आवळावी, वेल्डिंगनंतर मिलिंगवर फेसिंग करावं.’ आर्गॉन मारणं म्हणजे वेल्डिंग, फेसिंग म्हणजे हेडला टेकणारी बाजू मशीनवर सपाट करणं.

मेनिफोल्ड आला तेव्हा दागिना वाटला. खोटं बोलत नाही, वेल्डिंगचे खवले एकसारखे, रनरचे बाक सुरेख, कार्बचा कलही बरोबर. फ्लोटची पातळी बिघडत नाही. ज्या कारागिराने हे केलं त्याचा हात चांगला आहे. पुढची पायरी कोणीतरी गाळली.

गाडी सुरू झाली, पण आयडलिंग (पाय न देता चालणारं इंजिन) मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या खाली येईना. ॲक्सिलरेटर दिला की खोकायची. आपल्याला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘ट्यूनिंगचा प्रश्न आहे, जेट मोठे करा.’ जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी कार्बमधली भोकं. केले. तीन रविवार गेले, दोन जोड्या मेन जेट विकत घेतले. बाइकच्या कार्बना टाकीतून नुसतं वजनाने उतरणारं पेट्रोल लागतं, गाडीच्या पंपाचा दाब त्यांना सोसत नाही, म्हणून रेग्युलेटर लावून तोही कमी केला. व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्ब जुळवायला बसलो, तर दोन आणि तीन जुळायचे. एक आणि चार कुठल्या कुठे.

शेवटी प्लग काढले. एक आणि चार खडूसारखे पांढरे, म्हणजे तिथे हवा जास्त, पेट्रोल कमी; दोन आणि तीन विटकरी, म्हणजे ठीक. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. चालू इंजिनवर फ्लँजच्या टोकांपाशी स्प्रे मारला की आवाज बदलायचा, मधे मारला की काही नाही. मेनिफोल्ड उतरवून सरळपट्टी लावली. दोन्ही टोकांना फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.६ मिलिमीटरचं पातं आरपार जातं. वेल्ड थंड होताना आकसतो, फ्लँजची टोकं रनरच्या बाजूला ओढतो. मधले पोर्ट हेडला टेकतात, कडेचे उचललेले राहतात आणि फटीतून हवा ओढतात. पॅकिंग कितीही जाड घाला, ०.६ची फट झाकत नाही. नट आणखी आवळावेत तर हेडमधले आटे जायचे. म्हणजे फ्लँज आवळलीही नव्हती आणि नंतर फेसिंगही झालं नाही. माझ्या ड्रॉइंगवरची ठळक ओळ कोणी वाचली का, एवढं तरी कळवावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. या इंजिनात थर्मोस्टॅट (तापमान पाहून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) मेनिफोल्डमध्येच बसतो, म्हणून नव्यातही पाण्याची वाट ठेवायची होती. आपण ठेवलीत, पण तिच्या वेल्डच्या सांध्यात पिनहोल (टाचणीएवढं भोक) आहे. इंजिन तापलं, दाब आला की हिरवा कूलंट थेंब थेंब गळतो. बिलात मात्र ‘लीक टेस्ट, ८५० रुपये’ अशी स्वतंत्र ओळ आहे. साबणाचं पाणी लावून हवा भरली असती तर दोन मिनिटांत बुडबुडा दिसला असता. ब्रेक बूस्टरची नळी चारही रनरमधून घ्यायची सांगितली होती, ती एकाच रनरवर आहे. हे त्यामानाने किरकोळ; सोबतच करून द्या.

बिल १८,५०० रुपयांचं आहे, प्रत जोडली आहे. फीलर गेज घातलेले फोटोही. माझी मागणी साधी आहे. मेनिफोल्ड आपल्या खर्चाने नेऊन सांधा परत मारावा, मग फेसिंग करावं. क्रम उलटा नको. माझ्यासमोर दाबाने तपासून द्यावा. लीक टेस्टचे ८५० आणि वाया गेलेल्या जेटचे पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर पूर्ण रक्कम परत हवी. तीही नाही मिळाली, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे साताऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मला भोसरीपर्यंत यावं लागणार नाही, आपल्याला मात्र इकडे यावं लागेल.

मेनिफोल्ड खोक्यात भरून ठेवला आहे, कधीही माणूस पाठवा. फीलर गेजही आतच ठेवतो, आपल्याकडे नसेल असं धरून. ते मात्र परत पाठवावं.

आपला,
एक ग्राहक, सातारा

सोबत: बिलाची प्रत, ड्रॉइंगची प्रत, फोटो ६