बिऱ्हाड हलवा, पण तिथी बघून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे दापोलीकडून गुहागरकडे किंवा तिकडून इकडे बिऱ्हाड हलवणारे मेअखेरीस एकदमच दाभोळ (दापोलीची बाजू) ते धोपावे (गुहागरची बाजू) या खाडीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर टेम्पो घेऊन उभे राहतात. सुट्टीवर आलेल्यांच्या गाड्यांची रांगही तेव्हाच लागलेली असते. टेम्पो ठरवताना 'किती घेणार?' एवढे सगळे विचारतात. खाडीचे पाणी तेव्हा कुठे असेल, हे सहसा कोणी विचारत नाही.

ओहोटीला फेरी धक्क्याच्या उताराच्या खालच्या टोकाला लागते. हा भाग एरवी पाण्याखाली असल्याने बुळबुळीत असतो. तिथून भरलेला टेम्पो वर काढताना वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलेले असेल, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. पलंगाच्या फळ्या मावत नाहीत म्हणून फाळका उघडा ठेवून त्यावर टेकवलेल्या असतील, तर उतार आणि फेरीची फळी यांच्या सांध्यात फाळकाच आधी घासतो. शिवाय सामान हौद्याबाहेर आले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजारांचा दंड आहे. भाड्यात वाचवलेले पैसे तिथेच जातात.

पाण्याची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. म्हणजे सकाळी आठ-नऊला पलीकडे जायचे असेल, तर दशमी ते त्रयोदशी उत्तम. पंचमी-षष्ठीला दहा-साडेदहाला पाणी तळाला असते. अष्टमीच्या भांगाला (कमजोर भरती-ओहोटीला) ते फारसे उतरत नाही, म्हणून दुपारची ओहोटीही चालून जाते. सर्वांत वाईट अमावास्या-पौर्णिमेची संध्याकाळ : उधाणाची ओहोटी सव्वापाच-साडेपाचला, आणि दुपारी सामान भरून निघालेला टेम्पो धक्क्यावर पोचतो नेमका तेव्हाच. अशा वेळी तास-दीड तास थांबलेले बरे. मात्र शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारावी. ती चुकली किंवा वाऱ्यामुळे फेरी बंद झाली, तर खेड-चिपळूणमार्गे शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. त्या वळशाचे भाडेही आधीच ठरलेले असावे.

आता गाडी. दोन खोल्यांच्या घरात साधारण डबलबेड, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि १५-२० खोकी असतात. 'छोटा हत्ती'चा (टाटा एस टेम्पोचा) हौदा सुमारे ७ फुटांचा, त्यात हे एका खेपेत बसत नाही. दोन खेपा म्हणजे खाडी चार वेळा ओलांडणे, आणि रिकाम्या टेम्पोलाही तिकीट लागतेच. उलट १४ फुटी आयशर दाभोळच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत वळणार नाही. मधला पर्याय म्हणजे ८-९ फुटी पिकअप. पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून घर असेल तर पायऱ्या मोजून हमालांना आधी सांगावे. 'दारात गाडी येते' हे वाक्य कोकणात जरा सैल अर्थाने वापरतात. फेरीचे तिकीट, रिकामी परत, थांबण्याचे पैसे आणि हमाली कोणाकडे, हे मोबाइलवर लिहून घ्यावे.

भरताना कपाट आणि फ्रिज केबिनला टेकवून, उभे. फ्रिज आडवा करावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करावा, कारण कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे मागचे वाहतुकीचे बोल्ट परत बसवावेत. ते नसतील तर ड्रम गचके खाऊन स्प्रिंगा खराब करतो. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवावी. पाण्याची रिकामी टाकी हलकी म्हणून सर्वांत वर टाकतात आणि खाडीवरचा वारा आधी तिलाच धरतो. तिच्यात उशा-गाद्या भरून ती खाली ठेवावी. सिलिंडर नेऊच नये. एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) घ्यावे, नव्या गावी त्यावर जोडणी मिळते. फेरीवर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाखाली उटी, म्हणजे अडवणीचा ठोकळा. सामानात माणसे बसवू नयेत.

आणखी एक घोटाळा. 'दाभोळ' नावाने गाजलेला वीज प्रकल्प अंजनवेलला, म्हणजे गुहागरच्या बाजूला आहे. बदली तिथे झाली असेल, तर बाहेरगावच्या चालकाला नुसते 'दाभोळ' सांगू नये. तो सामानासकट खाडीच्या भलत्याच काठावर येऊन उभा राहील.

फेरीचालकांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. त्या दिवशीच्या ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला एक फळा लावावा. पण तो धक्क्यावर लावून अर्धाच उपयोग. तिथे पोचेपर्यंत टेम्पो भरलेला असतो. दापोली आणि गुहागरच्या टेम्पो स्टँडवर तो हवा.

आपला,
सामानवाहतुकीच्या धंद्यातील एक वाचक, गुहागर