तुझ्या त्या 'सॉरी'बद्दल

लाडक्या लेकी,

प्रभूच्या नावात सलाम.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "सॉरी आई. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी काहीच झाले नाही." मी "असं नाही गं बाळा" म्हणेपर्यंत तू फोन ठेवलाही होतास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. नोकरी गेली, ती दुसरी मिळेल. मला ते 'सॉरी' टोचत राहिलं. नोकरी तुझी गेली आणि माफी तू माझी मागितलीस! पहाटे कळलं की हे तुला मीच शिकवलंय.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. तू व्हायच्या आधी मला माझी किंमत बरोब्बर ठाऊक होती. आधी शाळेतला नंबर, मग पगार, मग "हिच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही" हे शब्द. तू झालीस आणि मी नोकरी सोडली. स्वतःहून सोडली, कुणी सोडायला लावली नाही. पण पहिल्या महिन्याभरातच मी कोण, हे मला सांगता येईना. दुपारचे दोन वाजले तरी केस विंचरलेले नसायचे. "सध्या काय करतेस?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "काही नाही, घरीच असते." हे 'काही नाही' इतक्यांदा म्हटलं की ते मला स्वतःबद्दलच खरं वाटायला लागलं. उपासनेला जायची, गीतं गायची, आणि मनातून वाटायचं की देवालाही आता माझा काही उपयोग नाही.

एका रात्री तू पिऊन झोपलीस. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच होता आणि माझं बोट तुझ्या मुठीत. सोडवायला गेले की तू आणखी घट्ट धरायचीस. तुझी नखं इतकी पातळ की कापायला हात धजत नसे, म्हणून गालावर एक बारीक ओरखडा उठला होता. मी त्या ओरखड्याकडे बघत बसले आणि मनात आलं, या पोरीने आत्तापर्यंत केलंय काय? रडते, ओलं करते, झोपू देत नाही. माझ्याकडे बघून अजून एकदा हसलीसुद्धा नाही. आणि हिच्यासाठी मी जीव टाकते.

तेव्हा बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं, 49 व्या अध्यायातलं ते वचन आठवलं. संडे स्कूलपासून तोंडपाठ होतं. आई आपल्या तान्ह्याला विसरेल का? एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही, असं परमेश्वर म्हणतो. त्याच्या आधीचं वचन मात्र मी कधी नीट वाचलंच नव्हतं. तिथे सियोन, म्हणजे देवाची नगरी यरुशलेम, एखाद्या बाईसारखी तक्रार करते की परमेश्वराने मला टाकलं, तो मला विसरला. देव तिला तिची कामगिरी मोजून दाखवत नाही, 'तू अमुक केलंस म्हणून तू मला हवीस' असं म्हणत नाही. तो पाजणाऱ्या आईकडे बोट दाखवतो. त्या रात्री पाजणारी मीच होते, आणि पहिल्यांदाच मी त्या वचनातलं तान्हंही झाले. तुला मी जशी बघत होते, तसा कुणीतरी मला बघत होता. मी खूप रडले. तू जागी होशील म्हणून आवाज न करता रडले.

सकाळी लंगोटांचा ढीग होता तेवढाच होता. पण 'काही नाही' हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून सहज निघेना.

इथवर सगळं छान आहे. पुढचं लिहायला हात जड होतो. जे मला फुकट मिळालं होतं, त्याचं मोल मी तुझ्याकडून वसूल करायला लागले. तू लवकर चाललीस, मी कृतार्थ. तुझी वचनं पाठ झाली, लोकांनी कौतुक केलं, मी दोन दिवस तरंगत. चौथीतला तो दिवस तुला आठवतो का, ठाऊक नाही. गणितात कमी मार्क मिळाले होते. तू दारात उभी होतीस, बूटही काढले नव्हतेस, फ्रॉकच्या बाहीला डोळे पुसून पुसून बाही ओली झाली होती. आणि मी म्हणाले, "तुझ्यासाठी मी काय काय सोडलं, आणि तू हे आणतेस?" तू म्हणालीस, "सॉरी आई." अगदी कालच्यासारखंच.

उत्पत्तीच्या पुस्तकातली लेआ मला फार जवळची वाटते. नवऱ्याचा जीव धाकट्या बहिणीवर, राहेलवर. लेआला मुलगे होत गेले. रऊबेन झाला तेव्हा ती म्हणाली, आता माझा नवरा माझ्यावर प्रीती करील. लेवीच्या वेळी, आता तरी तो मला धरून राहील. पोरांच्या नावांतच तिने आपलं दुःख लिहून ठेवलंय. चौथ्या मुलाच्या वेळी मात्र ती म्हणते, या वेळी मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि त्याचं नाव यहूदा. उपासनेतल्या संदेशात पाळक बहुधा इथेच थांबतात. मी पुढचा अध्याय वाचते. सहावा मुलगा, जबुलून, झाल्यावर ती पुन्हा मागच्यासारखंच बोलते, आता नवरा मला मान देईल. चौथ्याला सापडलेलं सहाव्यापर्यंत हातून निसटलं होतं. मला तिचा राग येत नाही. माझंही तेच झालं.

लूकच्या शुभवर्तमानात, 11 व्या अध्यायात, गर्दीतली एक बाई येशूला मोठ्याने म्हणते, ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य. म्हणजे त्याच्या आईची, मरीयेची, थोरवी तिच्या लेकरावरून. येशू म्हणतो, त्यापेक्षा जे देवाचं वचन ऐकतात आणि पाळतात ते धन्य. कितीतरी वर्षं मला हे उत्तर कोरडं वाटायचं. आता वाटतं, त्याने आईच्या खांद्यावरचं केवढं ओझं उतरवलं, आणि जिला मूल नाही तिलाही त्याच धन्यतेत घेतलं. (मंडळीत अशा बहिणींना आपण किती सहज बाजूला बसवतो!) प्रत्यक्ष येशूच्या आईला जर आपलं मोल लेकरावरून ठरवून घ्यायचं नव्हतं, तर मी तुझ्यावरून ठरवणारी कोण?

तेव्हा ऐक. तू माझी कमाई नाहीस. मी जे सोडलं ते तुझ्या नावावर उधार लिहिलेलं नाही. मला माझं मोल कळलं ते तू काहीच करत नव्हतीस तेव्हा, ओठावर दुधाचा थेंब घेऊन झोपली होतीस तेव्हा. आजही तू काही करत नसलीस तर मला तीच दिसतेस.

चौथीतल्या त्या दिवशी सॉरी मी म्हणायला हवं होतं. आज म्हणते. बाळा, मला माफ कर.

रविवारी उपासनेनंतर फोन करते. नोकरीचं काही विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. बाबा तुझी आठवण काढतात.

तुझी,
आई