अभ्यासिकेतल्या काकांस जाहीर पत्र

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला तोंडावर 'थँक यू' म्हणायची सोय नाही. म्हटलं की तुम्ही खाली दोन चहा सांगता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे जाहीर पत्र. अभ्यासिकेतली पोरं वाचतील, त्यातलं एखादं कार्टं तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल, आणि तेव्हा चहा सांगून सुटका होणार नाही.

आधी बातमी. गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा निकाल चांगला लागला, रुरकीच्या आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, विषय जलविज्ञान. घरी पेढे वाटून झाले. आईने तुमच्यासाठी वेगळा डबा ठेवलाय, तो येईल.

आता आभार कशाचे, ते. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्याच्या माडीवर बसणारी निम्म्याहून जास्त मुलं एमपीएससीची. इंजिनिअरिंगवाले हातावर मोजण्याइतके. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस पहाटे कुलूप उघडतो, मोटार लावून टाकी भरतो आणि दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे शाईच्या पेनाने एक प्रश्न लिहून फळ्याला टाचतो, हे मला सुरुवातीला जरा गमतीचंच वाटलं होतं. प्रश्न कसलाही असायचा. 'शनिवारवाड्याच्या कारंज्याला पाणी कुठल्या पंपाने चढायचं?' पंपच नव्हता, हे कळायला आम्हाला संध्याकाळ झाली.

माझ्याशी तुमचं पहिलं बोलणं मात्र फळ्यावरचं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं?" मी म्हटलं, बीड जिल्हा. "पाणी कुठून येतं गावात?" टँकरने. "टँकर कुठे भरतो?" मला ठाऊक नव्हतं. तुम्ही चिडला नाहीत, उपदेश केला नाहीत. म्हणालात, "दोन हजार वस्ती धर. माणशी रोज पंचावन्न लिटर. दहा हजार लिटरचा टँकर. किती खेपा?" तोंडी हिशोब केला, अकरा आल्या. "आणि येतात किती?" दोन. तुम्ही चष्मा पुसला आणि म्हणालात, "बरं, बस अभ्यासाला."

कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स म्हणजे पाठ करायची डेरिव्हेशन आणि इनसेमच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग. सबमिशन, टर्मवर्क, ओरल, एंडसेम, मग कुणाची केटी (विषय राहिला), कुणाचा वायडी (वर्षच गेलं), असंच ते चक्र फिरतं. कॉलेजला नावं ठेवत नाही, तिथल्या काही सरांनी जीव तोडून शिकवलं. पण हे पाणी कुणाच्या तरी घरी जायचंय, असं त्या फळ्यावर कधी दिसलं नाही. ते तुमच्यामुळे दिसायला लागलं.

कात्रजची ती फेरी आठवते? तुम्ही पुढे, आम्ही चार-पाच जण मागे, आणि दर थोड्या अंतराने तुमचा तोच प्रश्न, "आता पाणी आपल्या पायाखाली आहे की डोक्यावर?" नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमाराला कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटरचा दगडी नळ आणला. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा तो मोठा. सगळं पाणी निव्वळ उतारावर चालायचं, आणि वाटेत काळा हौद, सदाशिव हौद असे हौद भरत जायचं. मधे मधे उच्छ्वास बांधलेले, हवा बाहेर पडायला आणि पाण्याचा दाब आटोक्यात ठेवायला. त्यातला एक आम्ही जवळून पाहिला. चुन्याच्या सांध्यातून पिंपळाचं रोप वर आलेलं, कडेला कुणीतरी गुटख्याच्या पुड्या टाकलेल्या. तुम्ही पुड्या उचलून खिशात घातल्यात आणि मग उतारावरच्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र काढलंत, ज्यात भिंतीच्या खडबडीतपणाचा आकडा म्हणजे n. मॅनिंगने ते मांडलं 1889 मध्ये, म्हणजे हे काम झाल्यावर जवळपास 140 वर्षांनी. "त्यांच्याकडे n नव्हता," तुम्ही म्हणालात, "पण खडबडीत भिंतीला पाणी रेंगाळतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून चुन्याचा गिलावा." ज्या n ची किंमत मी तक्त्यातून डोळे मिटून उतरवत होतो, त्याला त्या दिवशी बोट लावून पाहिलं.

त्याचं फळ ओरलला मिळालं. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पाइपलाइनवर एअर व्हॉल्व्ह कुठे बसवतात? चढाच्या माथ्यावर, कारण तिथे हवा साचते आणि प्रवाह अडतो. "पाहिलाय का कधी?" म्हटलं, व्हॉल्व्ह नाही पाहिला सर, पण कात्रजच्या नळाचे उच्छ्वास पाहिलेत. पुढची दहा मिनिटं ते मलाच विचारत राहिले, नळ कुठून जातो, आत कसा आहे, अजून काय शिल्लक आहे. रात्रभर जागून उतरवलेली माझी फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही! तेवढी एक हळहळ अजून आहे.

अभियंता दिनाची तुमची चिडचिड तर प्रसिद्धच आहे. 15 सप्टेंबरला सगळीकडे विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार आणि तीच ती आगगाडीची गोष्ट. तुम्ही म्हणायचात, गोष्टी राहू द्या, या माणसाने आपल्या उशाशी काय केलं ते सांगा. ते शिकले पुण्यात, आणि 1903 मध्ये खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दारं आपोआप उघडणार, उतरलं की मिटणार. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. आणि त्याच्याही आधी, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, त्यांनी धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून सायफनने पाणी पलीकडे नेलं होतं. हे सांगताना तुमचा हात हवेत नदीखाली बुडी मारून पलीकडे वर यायचा. बर्नोली मला त्या हाताने समजावलाय, असं म्हटलं तरी चालेल.

एका तारखेला मात्र फळा कोरा असायचा. 12 जुलै. नवी मुलं विचारायची, आज प्रश्न नाही? जुनी त्यांना खुणेने गप्प करायची. 1961 मध्ये पानशेत धरण फुटलं तेव्हा तुम्ही शाळकरी होता, एवढंच आम्हाला माहीत. त्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात, तेही इंजिनिअरच्या भाषेत. विमोचकाचं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं काम अपुरं असताना पावसाळ्याचं पाणी अडवलं गेलं, जवानांनी वाळूच्या पोत्यांची शर्थ केली, पानशेत गेलं आणि तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही. घरचं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पण त्यानंतर 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' असं लिहिताना माझा हात जरा थांबतो.

सगळं पाण्याचंच होतं असं नाही. विज्ञान दिनाला तुम्ही आम्हाला नारायणगावजवळ खोडदला नेलंत, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, आणि त्या भरीव नाहीत, जाळीच्या. मी स्ट्रक्चरवाल्यांच्या थाटात वाऱ्याच्या भाराबद्दल काहीतरी बोललो आणि ते निघालं बरोबर. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी भरीव भिंतच वाटते, वारा मात्र आरपार जातो. तिथून जुन्नरमार्गे नाणेघाट. एका दिवसात रेडिओ दुर्बीण आणि सातवाहनांच्या लेण्यातले दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव आकडे. एमपीएससीची पोरं खूश, त्यांना दोन्हीकडचे वस्तुनिष्ठ प्रश्न मिळाले. माझ्या वर्गमित्रांनी विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे का?" नव्हतं. गेटच्या पेपरात नाणेघाट येत नाही, हे त्यांचं खरंच होतं.

पेपरात उपयोगी पडली ती तुमची दुसरी सवय, आधी अंदाज मग गणित. 65 प्रश्न, 3 तास, पडद्यावरचा तो रडवणारा कॅल्क्युलेटर. आकडा स्वतः भरायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसतं, पण पर्यायही नसतात. दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी सांगणारं कुणी नाही. क्लासवाल्यांनी युक्त्या दिल्या, त्याही कामी आल्या. तुम्ही मात्र पेन हातात घेऊच द्यायचा नाहीत. "कालव्यातून पाणी किती जाईल, आधी तोंडाने बोल. बादलीभर की नदीभर?" परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर सेकंदाला 34 घनमीटर आलं. दीड मीटर रुंदीच्या चारीतून! तिथेच कळलं की उतार टक्क्यांत होता आणि मी तो तसाच सूत्रात घातला होता.

रुरकीचं तुम्हाला आनंदाने सांगतो. गंगेचा कालवा तिथे सोलानी नदीवरून पुलाने जातो, खाली नदी आणि वर कालवा. कालवा सुरू झाला 1854 मध्ये, आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं मूळही त्याच सालातलं. त्या पुलाच्या कामावर माती वाहायला 1851 मध्येच वाफेचं इंजिन धावलं होतं, म्हणजे 1853 च्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या आधी. फळ्यावर टाका. एमपीएससीवाले 1853 वर अडून बसतील आणि भांडण चांगलं तासभर चालेल.

एक काम आहे. माझं फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात आहे. ते धुळ्याहून आलेल्या त्या नव्या मुलाला द्या. तो भिडस्त आहे, नको म्हणेल. त्याला आधी विचारा, पांझरेचं पाणी पलीकडे कसं गेलं.

आईला आणि बाबांना तुम्हाला भेटायचंय. दिवाळीत मी येईन तेव्हा त्यांना घेऊन येतो. काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
पंख्याखालच्या टेबलावरचा बीडकर