थेट महापौर हवा, पण सभागृहाच्या गणिताचे काय?

महोदय,

महापौर थेट जनतेतून निवडा, ही मागणी नाशिकमध्ये दर निवडणुकीच्या आगेमागे निघते. मागणी गैर नाही. भगूर, सिन्नर, येवल्याचा मतदार आपला नगराध्यक्ष थेट निवडतो आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेपंधरा लाखांवर वस्ती असलेल्या नाशिकच्या मतदाराला मात्र नगरसेवकांकडे बघत बसावे लागते. पण निवडून आल्यावर त्या महापौराच्या मागे सभागृहात किती हात वर होतील, हे कोणीच सांगत नाही. घोडे अडते ते नेमके तिथे. ग्रीसमधील थेस्सलोनिकी शहराने हा धडा बरीच किंमत मोजून घेतला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

थेस्सलोनिकी हे ग्रीसचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. बंदराचे गाव, पालिका हद्दीत सुमारे सव्वातीन लाख वस्ती. आपली नगरपालिका १८६४ ची, तिथली ऑटोमन राजवटीत १८६९ च्या सुमारास सुरू झालेली. १९१२ मध्ये शहर ग्रीक सैन्याच्या ताब्यात आले, तरी ऑटोमन काळातले महापौर उस्मान सैत बे १९१६ पर्यंत पदावर राहिले आणि १९२० ते १९२२ पुन्हा त्याच खुर्चीत बसले. राज्य बदलले, महापौर तोच! पुढे १९६७ ते १९७४ च्या लष्करी राजवटीत महापौर वरून नेमले जात. प्रशासक राजवटीची सवय झालेल्या नाशिककरांना यात काही नवल वाटू नये. १९७५ पासून तिथे पालिका निवडणुका पुन्हा सुरू झाल्या.

आता मुद्द्याचे. ग्रीसमध्ये उमेदवार आपले पॅनल घेऊन लढतो. विजयी महापौराच्या पॅनलला सभागृहातल्या तीन पंचमांश जागा मिळत, उरलेल्या दोन पंचमांश बाकीच्यांत वाटल्या जात. २०१० च्या ‘कल्लिक्रातिस’ कायद्याने १,०३४ पालिकांच्या ३२५ केल्या, पण हे सूत्र सोडले नाही. थेस्सलोनिकीत तेव्हा सदस्य ४९, म्हणजे महापौराकडे २९. उपमहापौर सभागृह निवडत नाही, महापौर आपल्याच सदस्यांतून नेमतो आणि खाती वाटून देतो. आपल्या आयुक्तासारखा राज्य सरकारने पाठवलेला अधिकारी तिथे नाही. महासचिव असतो, तोही महापौरच नेमतो.

या सूत्राची ताकद २०१० मध्ये दिसली. वाइन बनवणारे यानिस बुतारिस वयाच्या ६८ व्या वर्षी आघाडीच्या दोघांत होणाऱ्या दुसऱ्या फेरीत जेमतेम काहीशे मतांनी जिंकले. शहर १९८७ पासून उजवीकडे झुकलेल्या महापौरांच्या हाती होते आणि निम्मे मतदार बुतारिस यांच्या विरोधात होते. तरीही २९ जागा हाती असल्याने त्यांना ठरावागणिक हातापाया पडावे लागले नाही. २०१४ ला ते पुन्हा निवडून आले आणि २०१९ पर्यंत राहिले.

याच सूत्राची काळी बाजूही थेस्सलोनिकीतच दिसली. बुतारिस यांच्या आधी १९९९ ते २०१० महापौर असलेले वासिलिस पापायोर्गोपुलोस यांना पालिकेच्या तिजोरीतील सुमारे १.८ कोटी युरोंच्या अपहारप्रकरणी फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने जन्मठेप सुनावली. अपिलात शिक्षा बरीच कमी झाली. पालिकेचा खजिनदारही दोषी ठरला. बहुमत पक्के असले की सभागृहात हिशेब विचारणारा आवाज आपोआप बारीक होतो, हे सांगायला ग्रीसला जायची गरज नाही म्हणा. ग्रीसने त्यावर काढलेला उपाय मात्र उचलण्याजोगा आहे. २०१० च्या ‘दियाव्गिया’ कायद्यानुसार सरकारी आणि पालिकेचा प्रत्येक निर्णय संकेतस्थळावर चढवावा लागतो, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो चढल्याशिवाय निर्णय अमलातच येत नाही. आपल्याकडे महासभेत ऐनवेळी घुसवलेल्या जादा विषयांचे ठराव नागरिकाच्या हाती कधी लागतात, हे वाचकांना ठाऊक आहे.

मग २०१८ मध्ये ‘क्लिस्थेनिस’ कायदा आला आणि तीन पंचमांशाचे सूत्र काढून टाकले. जागा पहिल्या फेरीतल्या मतांच्या प्रमाणात, महापौर मात्र दुसऱ्या फेरीत थेट. कागदावर हे जास्त लोकशाहीचे दिसते. प्रत्यक्षात २०१९ मध्ये थेस्सलोनिकीचे कोन्स्तांदिनोस झेर्वास पहिल्या फेरीत १५ टक्क्यांच्याही आत होते, दुसऱ्या फेरीत मोठ्या फरकाने जिंकले. शहराचा कौल त्यांना, पण सभागृहात त्यांची माणसे मूठभर! अशी अवस्था देशभर अनेक पालिकांत झाली. अंदाजपत्रकापासून कचऱ्याच्या ठेक्यापर्यंत प्रत्येक विषयाला वेगळी मोट बांधायची वेळ आली. अखेर त्याच वर्षी नव्या सरकारला घाईने दुरुस्ती करावी लागली. सभागृहाचे अनेक अधिकार आर्थिक समितीकडे वळवले आणि त्या समितीत महापौराच्या गटाला बहुमत दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर महासभा बाजूला ठेवून किल्ल्या ‘स्थायी’ समितीकडे दिल्या.

ती मलमपट्टीच होती. २०२१ च्या कायद्याने तीन पंचमांश जागांचे सूत्र परत आणले आणि पहिल्याच फेरीत जिंकण्यासाठी ४३ टक्के अधिक एक मत अशी अट घातली. ४३ का, ५० का नाही, यावर तिथे वाद आहेच. पण दुसरी फेरी शोभेची नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अथेन्सचे तत्कालीन महापौर कोस्तास बाकोयानिस पहिल्या फेरीत ४१ टक्क्यांवर थांबले. ज्यांची पहिल्या फेरीतली मते १५ टक्क्यांच्या आत होती, त्या हारिस दुकास यांनी दुसऱ्या फेरीत सुमारे ५६ टक्के घेऊन त्यांना हरवले. एकाच फेरीत सर्वाधिक मते हा आपला नियम असता, तर बाकोयानिस आरामात निवडून आले असते.

हे सगळे नाशिकला लावून पाहा. २०१२ मध्ये मनसेला १२२ पैकी ४० जागा मिळाल्या. महापौर त्यांचा झाला तो इतरांच्या पाठिंब्यावर आणि अडीच वर्षांनी तेच गणित पुन्हा जुळवावे लागले. उद्या महापौर थेट निवडला आणि त्याच्या पक्षाचे ४० नगरसेवक आले, तर तो दुसरा झेर्वास. शिवाय आपल्याकडे तीन पंचमांशाचे सूत्र जसेच्या तसे बसत नाही, कारण आपण पॅनलला नव्हे, प्रभागातल्या उमेदवाराला मत देतो. २०१७ मध्ये ३१ प्रभाग होते, २९ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. यात महापौराला वाढीव जागा कुठून काढून देणार?

दुसरी अडचण त्याहून मोठी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. महापौर महासभा चालवतो. आयुक्त परत पाठवायचा तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मते लागतात, म्हणजे १२२ पैकी ७७. २०१७ ला ६६ जागांचे स्पष्ट बहुमत मिळालेल्या भाजपकडेही ती नव्हती. २०१८ मध्ये आयुक्तांविरुद्धच्या अविश्वास ठरावासाठी विशेष सभेची तयारी झाली, पण मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर विषय गुंडाळला गेला. आणि सभागृहाने एखादा ठराव केलाच, तर कलम ४५१ खाली राज्य सरकार तो विखंडित, म्हणजे रद्द करू शकते. कलम ६७ तसेच ठेवून निवडलेला थेट महापौर म्हणजे लाखो मते घेऊन महापौरांच्या ‘रामायण’ बंगल्यात बसलेला आणि रस्त्याच्या खड्ड्यासाठी आयुक्तांना पत्र लिहिणारा माणूस.

म्हणून मागणी करणाऱ्यांनी निवेदनात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कलम ६७ मधले नेमके कोणते अधिकार महापौराकडे येणार? दुसरी फेरी घेणार का, आणि तिचा खर्च कोण उचलणार? सोळा जणांच्या स्थायी समितीत महापौराच्या गटाला किती जागा? महापौरपदाची आरक्षण सोडत अडीच वर्षांऐवजी पाच वर्षांसाठी काढल्यास चक्राकार क्रम कसा लावणार? नगराध्यक्षांच्या बाबतीत राज्याने २०१६ ला थेट निवड आणली, २०२० ला काढली, २०२२ ला पुन्हा आणली. त्या तिन्ही वेळी यातल्या पहिल्या प्रश्नालाही नीट हात लागला नाही.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक