मेलेल्या पेटीचा पंचनामा कोण करणार?

महोदय,

संक्रांतीच्या सुमारास सकाळी मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उघडलं, तर माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या. तळाशी मेलेल्या माश्यांचा काळा थर. उपाशी मेलेली वसाहत, म्हणजे एका पेटीतलं माश्यांचं कुटुंब, अशीच दिसते. माझ्या १२ पैकी ५ पेट्या या हिवाळ्यात गेल्या.

थंडीत माश्या एकमेकींना बिलगून, अंग थरथरवून पोळं ऊबदार ठेवतात. त्याला मध लागतो. आमच्याकडे तो तुरीच्या फुलोऱ्यावर साठतो आणि नेमक्या तेव्हाच अळीसाठी फवारणी सुरू असते, म्हणून साठा अपुरा राहतो. शेजाऱ्याला तरी काय म्हणणार, त्याचीही तूर वाचायला हवी!

खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत पेट्या-साहित्याला ५० टक्के अनुदान आहे, ते चांगलंच आहे. पण ते धंदा उभा करायला. उभी वसाहत मेली की पीक विम्यात ती बसत नाही. पंचनाम्याचं विचारलं तर एका कार्यालयात उत्तर मिळालं, "माश्या उडून गेल्या असतील."

लाकडी पेटी तशीच शाबूत राहते. नुकसान आतल्या वसाहतीचं होतं. म्हणून मदत वसाहतीमागे द्यावी आणि गारपिटीसारखाच पंचनामा तलाठी व कृषी सहायकांनी करावा. शिवाय डिसेंबर-जानेवारीत माश्यांना पाजायच्या पाकासाठी सवलतीची साखर मिळाली, तर निम्म्या वसाहती मरणारच नाहीत, असा माझा अंदाज आहे. उन्हाळी तिळाच्या फुलोऱ्याआधी निर्णय झाला, तर रिकाम्या पेट्या पुन्हा भरता येतील.

– एक मधपाळ, ता. अचलपूर, जि. अमरावती